‘रोज चार तास व्हिडिओ, तीन महिन्यांत प्रोग्रामर’: या सल्ल्यात काय चुकतं?

स्वतःहून प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो: रोज चार तास व्हिडिओ बघा, आधी सी ही भाषा पूर्ण करा, एरर आली की चॅटबॉटला विचारून पुढे जा, तीन महिन्यांत प्रोग्रामर व्हाल, गणित कच्चं असेल तर नाद सोडा. नोकरी सांभाळून शिकणारे अनेक जण हे प्रमाण मानतात आणि अडकले की दोष स्वतःला देतात. म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

‘रोज चार तास व्हिडिओ.’ बघताना सगळं समजतं, रिकामी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना उतारे दिले होते. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. प्रयोग उताऱ्यांवरचा असला तरी आपल्याला उपयोगी आहे. दहा मिनिटं बघा, व्हिडिओ बंद करा, तोच प्रोग्राम आठवून लिहा. चालवण्याआधी उत्तर काय येईल ते कागदावर मांडा. उदाहरणार्थ, पायथन भाषेत रेंज(१, १०) मधले आकडे एकेक करून छापले तर शेवटी ९ छापला जातो, १० नाही. हे आधी चुकीचं लिहून मग बघितलं की पक्कं बसतं.

‘आधी सी.’ मायक्रोकंट्रोलरवर (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या चिपवर) काम करायचं असेल तर सी जरूर शिका. बाकीच्यांना पहिल्याच आठवड्यात पॉइंटर (मेमरीतले पत्ते) आणि मेमरीशी झगडायला लावण्यात मला काही हशील दिसत नाही. शिवाय सीच्या नावाखाली टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल असा करणाऱ्या साधनाच्या) नोट्स हाती पडतात. त्यातली कोनिओ हेडर फाइल आणि स्क्रीन पुसणारं फंक्शन सीच्या अधिकृत मानकात नाहीत, त्यामुळे लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरवर तो प्रोग्राम कंपाइलच होत नाही. टर्बोचा इंट (पूर्णांकाचा प्रकार) १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ पर्यंतच. पुढची बेरीज ऋण होऊन बसते. सुरुवातीला पायथन पुरेशी आहे.

‘एरर आली की चॅटबॉट.’ सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण चूक शोधण्याचा सरावच हातातून जातो. पायथनचा एरर संदेश खालून वर वाचा: शेवटच्या ओळीत एररचा प्रकार, तिच्या वर फाइल आणि ओळ क्रमांक. सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमांतली चूक) दाखवलेल्या ओळीत काही वावगं दिसलं नाही तर आदल्या ओळीत न मिटलेला कंस शोधा. बाकीच्या एररमध्ये दाखवलेल्या ओळीच्या आधी संशयित व्हेरिएबलची (किंमत साठवणाऱ्या नावाची) किंमत आणि टाइप प्रिंट करा. वीस मिनिटांत सुटलं नाही तर खुशाल विचारा, पण तयार कोड मागू नका. कारण विचारा आणि दुरुस्ती स्वतः टाइप करा.

या सरावासाठी घरखर्चाची नोंदवही हा चांगला प्रोग्राम आहे. आधी एक नोंद घ्या, मग यादी, मग फाइल, मग महिन्याची बेरीज. वाटेत हमखास काय बिघडतं?

- इनपुटमधून आलेली रक्कम स्ट्रिंग (नुसता मजकूर) असते, म्हणून ५ आणि ३ मिळून ५३ होतात. तशाच स्ट्रिंग क्रमाने लावल्या तर १०० हा ९० च्या आधी येतो.
- फाइल ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. भर घालायला ‘ए’ हवा.
- विंडोजवर ‘भाजी’ लिहिताना बऱ्याचदा युनिकोड एरर येते. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ द्या.
- ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. पैशांचा हिशेब पूर्णांक पैशांत ठेवा.

‘गणित कच्चं असेल तर नाद सोडा.’ या नोंदवहीला बेरीज, टक्केवारी, बाकी आणि ‘आणि/किंवा’चा तर्क पुरतो. मशीन लर्निंगला मॅट्रिक्स आणि संभाव्यता लागते. ती तिथे पोचल्यावर शिकता येते.

‘तीन महिने.’ रोज एक तास देणाऱ्याचे तीन महिने आणि दिवसभर शिकणाऱ्याचे तीन महिने सारखे कसे असतील? महिने मोजण्यापेक्षा एक चाचणी घ्या: आठवड्यापूर्वी लिहिलेला प्रोग्राम न बघता पुन्हा लिहा आणि त्यात एक नवी सोय घाला, उदाहरणार्थ प्रकारानुसार खर्च. अडलात तर तेवढाच भाग पुन्हा करा. जमलं तर तो प्रोग्राम फंक्शनांमध्ये (वेगळ्या छोट्या तुकड्यांत) तोडा आणि गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकायला घ्या. चालणारा प्रत्येक टप्पा कमिट केलात (गिटमध्ये नोंदवलात) की पुढच्या बदलात काही मोडलं तरी मागे येता येतं.