झार गेला तेव्हा लेनिन झुरिकमध्ये होता

नोव्हेंबर आला की ती पोस्ट फिरायला लागते. आमच्या शाळेच्या ग्रुपवर यंदा तीनदा आली: ‘ऑक्टोबर १९१७ मध्ये लेनिनने झारला गादीवरून खेचलं, तुंबळ लढाई करून हिवाळी राजवाडा जिंकला आणि त्याच रात्री राजघराण्याला गोळ्या घातल्या. अख्खा रशिया त्याच्या पाठीशी होता.’ दोन ओळींत चार चुका. एकेक घेऊ.

आधी झार, म्हणजे रशियाचा सम्राट. तो गेला मार्चमध्ये. (रशियाचं कॅलेंडर तेव्हा १३ दिवस मागे होतं, म्हणून तिकडे ती ‘फेब्रुवारी क्रांती’, आणि नोव्हेंबरची ती ‘ऑक्टोबर क्रांती’. मी आपल्या कॅलेंडरच्या तारखा देतोय.) लेनिन तेव्हा झुरिकमध्ये भाड्याच्या खोलीत राहत होता. जानेवारीतच त्याने एका भाषणात सांगितलं होतं की, येणाऱ्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आम्हा जुन्या पिढीतल्यांना कदाचित बघायलाही मिळणार नाहीत. क्रांतीचे पुढचे मोठे नेतेही दूरच: त्रोत्स्की न्यूयॉर्कला, स्टालिन सायबेरियात हद्दपारीत.

मग गादी हलवली कोणी? पावाच्या रांगेने. ८ मार्चला, महिलादिनी, तेव्हाची राजधानी पेत्रोग्रादच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) व्हिबोर्ग भागातल्या कापडगिरण्यांमधल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. शेजारच्या कारखान्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारून त्यांनी पुरुषांनाही बाहेर काढलं. दोन दिवसांत दोन लाखांवर कामगार संपावर होते. राणीने मात्र मोगिलेवच्या लष्करी मुख्यालयात बसलेल्या नवऱ्याला पत्रातून कळवलं की ही टवाळ पोरांची चळवळ आहे, थंडी कडाक्याची असती तर सगळे घरीच बसले असते! ११ मार्चला सैन्याने गर्दीवर गोळ्या झाडल्या. ज्या व्होलिन्स्की रेजिमेंटने त्या झाडल्या, तिच्याच शिपायांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडायला नकार दिला आणि आपल्या अधिकाऱ्याला ठार केलं. राजधानीतलं सैन्य हातचं गेलं ते तिथून.

शेवटचा धक्का तर झारच्या स्वतःच्या सेनापतींनी दिला. त्याची गाडी प्स्कोव्हला अडकली होती. तिथे आघाड्यांवरच्या सेनानींच्या तारा त्याच्यापुढे ठेवल्या गेल्या, सूर एकच: पायउतार व्हा. १५ मार्चला आगगाडीच्या डब्यातच त्याने सही केली. मुलगा आजारी, म्हणून राज्य भावाला दिलं. भावाने दुसऱ्या दिवशी नको म्हटलं. तीनशे वर्षांचं घराणं आठवडाभरात आटोपलं. त्या रात्री झारने डायरीत लिहिलं, ‘सगळीकडे दगाबाजी, भित्रेपणा आणि फसवणूक’. बोल्शेविकांचं, म्हणजे लेनिनच्या पक्षाचं, नावही नाही.

लेनिन रशियात पोचला एप्रिलमध्ये, आणि तोही जर्मनांनी आपल्या मुलखातून जाऊ दिलं म्हणून.

आता राजवाडा. नोव्हेंबरमध्ये लेनिनच्या पक्षाने उलथवलं ते झारनंतर आलेलं, हिवाळी राजवाड्यात बसलेलं केरेन्स्कीचं हंगामी सरकार. केरेन्स्की तर सकाळीच मदत आणायला मोटारीने निघून गेला होता. राजवाड्याच्या राखणीला उरले कॅडेट पोरं आणि महिला बटालियनची एक तुकडी. ‘अरोरा’ या युद्धनौकेने डागली ती तोफही कोरी, नुसता बार, गोळा नाही. मेलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. फाटकांवर चढणारी ती प्रचंड गर्दी नंतरच्या सिनेमातली, आणि तीच चित्रं आता ‘दुर्मिळ फोटो’ म्हणून फॉरवर्ड होतात. मंत्र्यांना पकडलं ते पहाटे दोनच्या सुमारास, छोट्या जेवणघरात.

‘त्याच रात्री’ झार तोबोल्स्कला होता, सायबेरियात, नजरकैदेत. व्यायाम म्हणून लाकडं कापत असे. बोल्शेविकांनी त्याला कुटुंबासकट मारलं हे खरंच, त्यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही. पण ते जुलै १९१८ मध्ये, येकातेरिनबुर्गला.

राहिला ‘अख्खा रशिया’. सत्ता हातात आल्यावर काही आठवड्यांतच संविधान सभेची निवडणूक झाली. त्यात बोल्शेविकांना जेमतेम पाव मतं मिळाली. पेत्रोग्राद-मॉस्कोत ते पुढे होते, पण खेड्यापाड्यांतला शेतकरी समाजवादी क्रांतिकारक या दुसऱ्या पक्षाच्या मागे गेला. सभा भरली १८ जानेवारी १९१८ ला. दुसऱ्या दिवशी पहाटे एका खलाशाने अध्यक्षांना सांगितलं, आता उठा, पहारेकरी दमलेत. त्यानंतर ती पुन्हा भरू दिली नाही.