प्रेअरी वर्बिना म्हणजे अमेरिकेतली निर्गुडी? काहीही!

टेक्सासमधल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: रस्त्याकडेला फुलणारी जांभळी ‘प्रेअरी वर्बिना’ ही आपल्या निर्गुडीच्याच कुळातली, चौकोनी देठ दिसला की तीच समजा आणि पाला उकळून गुडघ्यांसाठी काढा घ्या. काल मावशीने तो पुढे ढकलून वर विचारलं, “किती पानं घालू गं?” एकही नको, मावशी.

कुळाचं अर्धसत्य मान्य. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या ‘फ्लोरा’त, म्हणजे वनस्पतींच्या ग्रंथात (१९०१–०८), निर्गुडी आणि साग दोन्ही वर्बिनेसीतच, म्हणजे वर्बिनाच्या कुळातच आहेत. पण १९९०च्या दशकापासून दोघांची रवानगी तुळशीच्या कुळात झाली. आणि कूळ एकच धरलं तरी काय? घाणेरी आजही वर्बिनेसीत आहे आणि तिचा पाला खाऊन गुरांचं यकृत बिघडतं. तिचाही काढा पिणार का? त्यातून रस्त्याकडेच्या झाडावर तणनाशक मारलंय की नाही, हे पाला बघून कळत नाही.

आता तो चौकोनी देठ. तुळस, पुदिना, सब्जा, सगळ्यांचाच चौकोनी! ताज्या फुलाची पाकळ्यांची नळी अलगद ओढून काढा आणि भिंगातून आत बघा. वर्बिनात बीजकोश अखंड असतो आणि त्याच्या टोकातून स्त्रीकेसराची दांडी निघते. तुळशीच्या कुळात बहुधा चार गोळ्यांच्या बेचक्यातून. सुकलेल्या फळाचे चार तुकडे मोजून काही उपयोग नाही, दोन्हीकडे चारच.

प्रेअरी वर्बिनाची पानं समोरासमोर, केसाळ, गाजराच्या पाल्यासारखी दोनदा चिरलेली; झाड जेमतेम फूटभर. पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला खाच. तुरा आधी चपटा, मग खालची फुलं गळत जातात तशी दांडी लांबते. पान अखंड आणि देठ गोल असेल तर बहुधा फ्लॉक्स, हे वेगळंच फुलझाड. पानाचे भाग अगदी दोऱ्यासारखे बारीक असतील तर दक्षिण अमेरिकेतून आलेली मॉस वर्बिना. इथेच सगळे फसतात, आणि नुसत्या फुलाच्या फोटोवरून ॲपही फसतं.

‘फक्त एप्रिलमध्ये फुलते’ हेही खोटं. पाऊस बरा झाला तर शरदातही फुलं असतात.

निर्गुडीची खरी बहीण बघायचीच असेल तर टेक्सासच्या अंगणांतून लावलेलं ‘व्हायटेक्स’ बघा: पंजासारखं पान, निळसर तुरे. बघा म्हटलंय, उकळा नाही.