मैत्रिणीकडे जायचंय, म्हणून आज जमणार नाही

"काम आहे" म्हटलं की आमच्याकडचे नातेवाईक आता ऐकतात. सुरुवातीला नव्हते ऐकत, पण हळूहळू माझ्या कामाच्या तारखा त्यांनाही पाठ झाल्या. "मुलीची परीक्षा आहे", "डॉक्टरांकडे जायचंय" ही कारणं तर पहिल्यापासून चालायची. पण "मैत्रिणीला भेटायचं ठरलंय" हे कारण अजून कुणाच्या गळी उतरत नाही. "मैत्रीण काय, उद्याही भेटेल की!" हे मी सासरी ऐकलंय, माहेरी ऐकलंय, शेजारच्या काकूंकडूनही ऐकलंय. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते आज सविस्तर लिहितेय.

आम्ही नवी मुंबईत खारघरला राहतो. नवऱ्याचं गाव चिपळूणजवळ, माझं माहेर सातारा जिल्ह्यात. कोकणातल्या गाड्या पनवेलला थांबतात, पुण्याकडून येणारी एसटी कळंबोलीला सोडते. मुंबईत कुणाचं लग्न असो, कुणाची मुलाखत असो, कुणाला परदेशी जाणाऱ्याला सोडायचं असो, आमचं घर वाटेवर. पहाटे कोकणकन्येनं पनवेलला उतरलेला माणूस सहाच्या आत आमच्या दारात असतो. मला माणसं आवडतात. घर घेतानाच एक जास्तीची खोली असावी हा माझा हट्ट होता, आणि त्या खोलीतली गादी फार दिवस गुंडाळलेली राहिली तर मलाच चुकल्यासारखं होतं. त्यामुळे हे पाहुण्यांना कंटाळलेल्या बाईचं लिखाण आहे असं कृपया कुणी समजू नका.

मुलगी झाली तेव्हा मी वाशीतली नोकरी सोडली. एका सीएंच्या ऑफिसात होते. मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर घरूनच हिशेबाचं काम घ्यायला सुरुवात केली. तुर्भ्याचं एक हार्डवेअरचं दुकान, पनवेलचे दोन केटरर, नेरूळची एक लहान वर्कशॉप, अशा माझ्या पार्ट्या. त्यांची बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची, जीएसटीची रिटर्न भरायची. हे काम तारखांवर चालतं. ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापून ठेवलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न, १४ ला पोर्टलवर टूबी हा खरेदीचा तक्ता आला की खरेदीची बिलं एकेक करून जुळवायची, आणि २० च्या आत थ्रीबी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न. थ्रीबीला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी लागते, कर बाकी असेल तर वर १८ टक्क्यांनी व्याज. रिटर्न दाखल करताना ओटीपी पार्टीच्या मोबाइलवर जातो. केटरर त्या वेळी लग्नाच्या हॉलवर असतो, फोन उचलत नाही, आणि इकडे आमच्या घरात मामेसासरे विचारतात, "सूनबाई, चहाचं काय झालं?" दोघांचंही काही चुकत नाही. पण त्या पाच मिनिटांत मी कुठे असायला हवं, हे घरात सगळ्यांना ठाऊक असायला हवं. आता ते असतं. ११ आणि २० ला स्वयंपाक नवरा करतो. पाहुणे असले तरी तोच करतो. सासूबाईंना पहिल्यांदा ते आवडलं नव्हतं, पण आता त्याच फोनवर गावाकडच्यांना सांगतात, "वीस तारखेच्या आधी नका जाऊ, तिचं काम असतं."

२०२३ मध्ये गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि दुसऱ्याच दिवशी थ्रीबी. सगळी रिटर्न भरून मगच मी गावच्या गाडीत बसले. २०२५ ला तर २० ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. शेवटी त्या महिन्याची मुदत २५ पर्यंत वाढली. सणासाठी सरकारी तारीखसुद्धा पुढे सरकू शकते, मग आपल्या माणसांनी एकमेकांना "कधी येऊ?" असं विचारण्यात अवघड काय आहे?

तर कामाचा प्रश्न बराचसा सुटला. पण तो कशामुळे सुटला हे पाहिलं की मला वाईट वाटतं. लेट फी दाखवता येते, पार्टीकडून येणारे पैसे दाखवता येतात, म्हणून सुटला. बाईच्या वेळेला रुपयांत किंमत लागली की घरातले तो वेळ मानतात. बिनपैशाचा वेळ मात्र सगळ्यांचा, कुणीही यावं आणि घ्यावा.

त्या बिनपैशाच्या वेळेचा हिशेब सरकारनं मांडलाय. २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेप्रमाणे घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि ही कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. मुलांचं, आजारी माणसांचं, म्हाताऱ्यांचं करण्याचा वेळ यात धरलेला नाही. आधीच्या, २०१९ च्या सर्व्हेत हे आकडे २९९ आणि ९७ होते. ते आकडे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२१ मधल्या एका निकालात घेतले होते. रस्ते अपघातात गेलेल्या जोडप्याच्या नुकसानभरपाईचं ते प्रकरण होतं, आणि घर सांभाळणाऱ्या बाईचं उत्पन्न धरलंच पाहिजे असं कोर्टानं म्हटलं. निकाल चांगलाच आहे. पण वाचताना माझ्या मनात आलं, हा हिशेब ती बाई गेल्यावर झाला. तिला असताना कुणी विचारलं होतं का, की आज दुपारी तुला कुठे जायचंय?

मला जायचं असतं पेंधरला. माझी एक मैत्रीण तिथे राहते. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्हा दोघींना झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. त्याआधी बसची वाट बघण्यातच अर्धी दुपार जायची. दुसरी मैत्रीण ठाण्याला, कॉलेजपासूनची. ती पनवेल लोकलनं येते, मी खारघरहून नेरूळपर्यंत जाते आणि तिथे भेटतो.

पेंधरची मैत्रीण गेल्या वर्षी फार वाईट दिवसांतून गेली. तिच्या घरी पैशांची मोठी अडचण झाली होती. आम्ही रोज फोनवर बोलत होतो. मी पोळ्या लाटत, ती भाजी निवडत. त्या बोलण्यात मुलांची शाळा आली, पाण्याची बोंब आली, तिच्या सासऱ्यांची शुगर आली, पण ही गोष्ट कधीच आली नाही. ती आली एका शुक्रवारी, समोरासमोर बसून दोन-अडीच तास झाल्यावर, दुसरा चहा संपल्यावर. आधी ती बराच वेळ पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होती. माणसाचं खरं दुखणं पहिल्या अर्ध्या तासात बाहेर येत नाही, निदान आमच्या पिढीतल्या बायकांचं तरी नाही. "मी ठीक आहे" हे म्हणायची सवय इतकी हाडात मुरलीय की ती सुटायला वेळ द्यावा लागतो, आणि तो सलग द्यावा लागतो. त्या दिवशी तिचे सगळे कागद आम्ही टेबलावर मांडले. कुठलं कर्ज आधी फेडायचं, बँकेशी काय बोलायचं, हे लिहून काढलं. मला हिशेबातलं कळतं, त्याचा उपयोग झाला. पण ते कागद कपाटातून बाहेर निघाले ते मी निवांत बसून होते म्हणून.

त्याच शुक्रवारी सकाळी नात्यातल्या एक जण आमच्याकडे यायचं म्हणत होत्या. काही विशेष काम नव्हतं, कुणाकडे तरी आल्या होत्या आणि वाटेत डोकावणार होत्या. मी म्हटलं, "आज मैत्रिणीकडे जायचंय, उद्या या ना, जेवायलाच या." त्यांना लागलं. पुढे ते चार ठिकाणी बोललं गेलं. मी गेले नसते तर? मैत्रीण रुसली नसती. "अगं ठीक आहे, नंतर भेटू" म्हणाली असती, आणि ते कागद आणखी किती महिने कपाटातच राहिले असते कुणास ठाऊक. जी मुकाट्यानं समजून घेते तिलाच दर वेळी मागे ठेवायचं, हा आपल्याकडचा रिवाज मला अन्यायाचा वाटतो.

पुरुषांच्या बाबतीत असं होत नाही. माझा नवरा रविवारी सकाळी सेंट्रल पार्कला मित्रांबरोबर चालायला जातो, नंतर मिसळ खाऊन घरी येतो. पाहुणे आलेले असले तरी "मित्रांबरोबर गेलाय" एवढं सगळ्यांना पुरतं. त्यानं जावं. त्याला मित्र आहेत याचा मला आनंद आहे. हेच वाक्य त्याच सुरात माझ्याबद्दल म्हटलं जावं, इतकंच मागतेय. आमची मुलगी हे सगळं बघत असते. तिच्या वर्गातल्या जिवलग मैत्रिणीचं आपण सगळे कौतुक करतो, वाढदिवसाला बोलावतो, डबा वाटून खायला शिकवतो. लग्न झाल्यावर हीच गोष्ट तिच्या आयुष्यात फावल्या वेळातली होऊन जावी असं मला अजिबात वाटत नाही.

कुणी म्हणेल, वेळ आली की नातेवाईकच धावून येतात. येतात, अगदी खरं आहे. माझ्या बाळंतपणात सासूबाई गाव, शेती, गुरं सोडून इथे राहिल्या होत्या. आणि आजारपणात मी तारीख बघत नाही, बघणारही नाही. खारघरला टाटाचं कॅन्सरचं केंद्र आहे. तिथे उपचारांसाठी गावाकडून कुणी आलं तर ११ तारीख असो की २० असो, ती खोली त्यांची. त्यासाठी आधी फोन केलाच पाहिजे असंही नाही. मात्र मैत्रिणीही धावून येतात. मुलीला डेंग्यू झाला तेव्हा नवरा दौऱ्यावर होता आणि रात्री दवाखान्यात माझ्याजवळ ठाण्याची मैत्रीण बसली होती. तिनं मला तिच्या ओळखीतल्या दोन पार्ट्याही मिळवून दिल्या. तिला नात्यात बसवायला आपल्याकडे जागा नाही म्हणून तिचा हक्क कमी होतो का?

हे वाचणाऱ्यांत माझ्या नात्यातली बरीच मंडळी आहेत. रागावू नका, पण हे तुमच्यासाठीच आहे. २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत केव्हाही या. येताना आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे मासे आणता येतील. चार दिवस राहायलाच या, मुलीलाही ते हवं असतं. शुक्रवारी दुपारी मी घरी नसते. किल्ली शेजारच्या काकूंकडे असेल, कुकर लावलेला असेल, आणि सहा-साडेसहापर्यंत मी परत येते.