राउटरच्या छिद्रात पिन घालण्यापूर्वी

सोलापुरातील सोसायट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. नेट बंद पडले तर राउटरच्या मागच्या छिद्रात पिन घालून दहा सेकंद दाबा, वाय-फायच्या दांड्या पूर्ण दिसत असतील तर दोष कंपनीचाच समजा, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधणारी सेवा) ८.८.८.८ करा म्हणजे वेग दुप्पट होईल. आणि तरीही एखादे संकेतस्थळ उघडले नाही तर फायरवॉल (नेटवरून होणारा नको असलेला शिरकाव अडवणारी संगणकातील व्यवस्था) बंद करा, असा त्याचा सारांश आहे. बिघाड नेमका कुठे आहे हे न पाहताच इलाज सांगणे, हा या संदेशाचा मुख्य दोष होय.

सर्वांत घातक सल्ला पिनेचा आहे. राउटरची वीज काढून अर्ध्या मिनिटाने पुन्हा जोडली, तर तो नव्याने सुरू होतो आणि त्याची मांडणी जशीच्या तशी राहते. पिनेने मात्र तो कारखान्यातून आला त्या अवस्थेत जातो. जोडणीसाठी भरलेले वापरकर्तानाव आणि पासवर्ड, वाय-फायचे नाव, कॅमेऱ्यांसाठी केलेल्या नोंदी, सारे पुसले जाते. अक्कलकोट रस्त्यावरील एखाद्या कारखान्यात बिलाचा संगणक, प्रिंटर आणि सीसीटीव्ही एकाच राउटरवर असतील, तर दहा मिनिटांची अडचण तंत्रज्ञ येईपर्यंतची होऊन बसते. फायबरच्या जोडणीत ‘एलओएस’ हा दिवा लाल लुकलुकत असेल, तर केबलमधून प्रकाशच येत नाही, असा त्याचा अर्थ असतो. तेथे पिनही निरुपयोगी आणि वीज बंद-चालू करणेही निरुपयोगी, थेट तक्रारच नोंदवावी लागते.

राउटर बंद-चालू केल्यावर नेट खरोखरच सुरू होते, हा अनुभव मात्र खोटा नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, आणि घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या भोवतालच्या तापमानासाठीच बनवलेले असतात. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला राउटर दुपारी अडखळत असेल, तर बंद केल्यावर तो थोडा निवतो आणि तासाभराने पुन्हा तेच होते. अशा वेळी त्याची जागा बदलणे हाच इलाज आहे.

पूर्ण दांड्या केवळ आपले यंत्र आणि राउटर यांच्यामधला संकेत दाखवतात. राउटरच्या पलीकडे काय चालले आहे ते त्यांना ठाऊक नसते. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच असल्यामुळे जुळे सोलापुरातील दाट इमारतींत शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी होऊन संकेत भक्कम असूनही नेट रखडू शकते. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी असते; पण जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती त्याला फारशा मानवत नाहीत.

दोष कुठे आहे ते विंडोजच्या कमांड खिडकीत पाहता येते. ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) या आज्ञेनंतर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे बिघाड बहुधा घरातच आहे. पत्ता ठीक असेल, तर तेथेच दिसणाऱ्या गेटवेला, म्हणजे राउटरच्या पत्त्याला, पिंग (ping) करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहावे. तो उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, असे असेल तर संशय बाहेरच्या जोडणीवर घ्यावा. दोन्हींकडून उत्तर येते आणि संकेतस्थळे तेवढी उघडत नाहीत, असे झाले तर दोष बहुतेक वेळा डीएनएसचा असतो.

केवळ या शेवटच्या स्थितीत संदेशातला तिसरा सल्ला उपयोगी पडतो. ८.८.८.८ ही गूगलची २००९ साली सुरू झालेली सेवा संकेतस्थळाच्या नावाचा अंकी पत्ता शोधून देते. सात रस्त्यावर कोणी पत्ता चटकन सांगितला म्हणून पुढचा रस्ता रुंद होत नाही. त्याचप्रमाणे फाइल उतरण्याचा वेग डीएनएस बदलून दुप्पट होत नाही. कार्यालयात तर या बदलामुळे केवळ तेथील डीएनएसलाच माहीत असलेले अंतर्गत सर्व्हर दिसेनासे होऊ शकतात. वेगाच्या तक्रारींत पुष्कळदा एककांचीही गल्लत असते: १०० मेगाबिटच्या योजनेत फाइल सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइटनेच उतरणार.

फायरवॉलविषयी थोडक्यात सांगता येईल. सगळीच संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देऊ लागली, तर प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा बटण-सेल संपला असेल, तर वीज गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळांची ठरावीक मुदतीपुरती दिलेली प्रमाणपत्रे संगणकाला अवैध वाटतात. तेव्हा सेल बदलावा, तारीख दुरुस्त करावी आणि फायरवॉल चालूच ठेवावा.