टर्की रेड ऑइल गॅसवर होत नाही

मुंबईत व्हॉट्सअ‍ॅपवर एक ‘घरगुती उद्योग’ फिरतोय: एक किलो एरंडेल, अर्धा किलो सल्फ्युरिक अ‍ॅसिड, गॅसवर गरम करा, पाण्याने धुवा, सोडा घाला, तासाभरात टर्की रेड ऑइल (कापड रंगवताना लागणारं, पाण्यात मिसळणारं तेल) तयार. कुठलंही तेल चालेल म्हणे. कुणीतरी खरंच करून बघेल, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘गरम करा.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. अ‍ॅसिड तेलाला लागताच उष्णता आपोआप सुटते. खरं काम ती काढून घेण्याचं. मिश्रण ३५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. तापलं की अ‍ॅसिड तेलाला जोडून घेण्याऐवजी त्यातून पाणी ओढतं, तेलाला जोडलेला सल्फेट (अ‍ॅसिडचा भाग) सुटतो, माल काळा-चिकट होतो आणि सल्फर डायऑक्साइड नाकात झोंबतो. मे महिन्यात इथल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच तिशी गाठतं. भांड्याभोवतीच्या दुहेरी कवचात, म्हणजे जॅकेटमध्ये, नुसतं नळाचं पाणी फिरवून भागत नाही. बर्फ किंवा चिलर लागतो.

‘अर्धा किलो अ‍ॅसिड.’ १०० किलो तेलाला ९८ टक्क्यांचं साधारण २० ते २५ किलो पुरतं. भांडं कोरडं हवं, धार बारीक, वेळ तीन-चार तास, ढवळणी अखंड. ढवळणी थांबली तर जड अ‍ॅसिड तळाशी बसतं आणि ती पुन्हा फिरताच सगळं एकदम तापतं. वीज गेली की आधी अ‍ॅसिडचा कॉक बंद करायचा. अ‍ॅसिड घालून झालं की माल रात्रभर मुरू द्यायचा. तासाभरात काही होत नाही.

‘पाण्याने धुवा.’ साध्या पाण्यात हा माल दुधासारखा होतो, थर पडत नाही. १० टक्के मिठाचं कोमट पाणी घ्या. आंबट पाणी खाली उतरतं, ते काढून टाका. मग कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण हळूहळू घालून पीएच ६.५ ते ७ वर आणा. धुण्याचा सोडा एकदम ओतला तर फेस भांड्याबाहेर येतो. काढलेलं आंबट पाणी चुना घालून त्यातलं आम्ल मारल्याशिवाय गटारात सोडायचं नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय हे काम गाळ्यातही करायचं नसतं, चाळीतल्या खोलीत तर नाहीच.

‘कुठलंही तेल.’ एरंडेलात रिसिनोलिक आम्ल ८५ ते ९० टक्के असतं आणि त्याच्या बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो. सल्फेट प्रामुख्याने तिथे बसतो. शेंगदाणा, सोयाबीन, पामोलिनमध्ये ती जागाच नाही. तिथे अ‍ॅसिडला तेलातल्या कार्बनच्या दुहेरी बंधावर झगडावं लागतं आणि माल वेगळाच निघतो.

‘एरंडेल विषारी’ हेही त्यातच जोडलंय. एरंडाच्या बीतलं विष म्हणजे रिसिन, हे पाण्यात विरघळणारं प्रथिन. ते पेंडीत राहतं, शुद्ध तेलात नाही. म्हणून ती पेंड खत म्हणून वापरतात, गुरांना घालत नाहीत.

‘पाण्यात स्वच्छ विरघळलं की माल उत्तम.’ मुंबईचं तलावांचं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, त्यात अर्धकच्चा मालही बरा दिसतो. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड विरघळवून ते जड करा आणि त्यात २० मिली माल टाका. चांगला फार तर धूसर होतो. कच्चा दह्यासारखा फाटून वर येतो, आणि रंगाऱ्याकडे त्याचेच डाग कापडावर बसतात.