राईचा पर्वत? केबिनच्या फळ्यांवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. शिडाच्या होडीत केबिनच्या तोंडाशी दाराऐवजी खोबणीत एकावर एक बसवायच्या सुट्या फळ्या, त्यांच्या कड्या-दोऱ्या आणि वरचं सरकतं झाकण यांवर मी लेख लिहिला होता; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘बावीस फुटी होडीच्या दाराला एवढ्या कड्या नि दोऱ्या म्हणजे राईचा पर्वत, आतली कडी हा सापळा, आणि सुट्या फळ्यांपेक्षा बिजागरीची दारं बरी,’ असं तुमचं म्हणणं.

सापळ्याचं आधी, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. लेखात मी कडी फक्त आतून दाखवली होती. कडी लावून आत झोपलेला माणूस आजारी पडला, तर सुकाणूवरच्याने काय करायचं? म्हणून आता वरच्या फळीत आरपार दांडा बसवलाय, दोन्ही बाजूंना मूठ. मूठ वळवली की आतली जीभ चौकटीतल्या खाचेत जाते आणि फळी उचलली जात नाही. दांड्याभोवती एक ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं. ना किल्ली, ना आत-बाहेरचा फरक.

कुलुपाचं काम वेगळं, ते चोरासाठी. होडीवर कोणी असेल तेव्हा कुलूप केबिनच्या आत हुकाला लटकलेलं हवं. बाहेर कोयंड्यात नुसतं अडकवून ठेवलं, तर सहज कोणी झाकण ओढून दाबून टाकतो आणि आतला माणूस अडकतो.

आता राईचा पर्वत. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत, म्हणजे इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या खडकाला वळसा घालणाऱ्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत, 303 बोटी सुटल्या, वादळात 15 खलाशी दगावले. नंतरच्या चौकशीत फळ्या निसटून केबिनमध्ये पाणी शिरल्याचा मुद्दा ठळकपणे आला. आज खोल समुद्रातल्या शर्यतींचे नियम सांगतात की सरकतं झाकण उघडं असो वा बंद, फळ्या जागीच राहिल्या पाहिजेत, शिवाय दोरीने बांधलेल्या हव्यात. बऱ्याच छोट्या होड्यांत फळ्यांना धरून ठेवतं ते फक्त वरचं झाकण. बाहेर यायला ते सरकवलं, की फळ्या मोकळ्या.

‘त्या मोठ्या बोटी होत्या’ म्हणाल. पण लहान होडी लवकर आडवी होते. केबिनच्या साठ बाय साठ सेंटीमीटरच्या तोंडावर सरासरी तीस सेंटीमीटर पाणी चढलं, तर सेकंदाला अर्ध्या टनाच्या आसपास आत येतं. तेवढ्यात बादलीसुद्धा सापडत नाही. अर्थात शांत तळ्यात सकाळी दोन तास फिरायचं असेल, तर खालची फळी लावा आणि बाकीचं विसरा. तिथे माझाही हट्ट नाही.

दोरीची अक्कल मला फुकट आली नाही. एका झुळकीत शिडाच्या दोरीचा फास मधल्या फळीच्या कडेत अडकला, फळी उचलली गेली आणि सरळ पाण्यात. प्लायवूड तरंगतं, पण पाण्याच्या इतक्या लगत की तपकिरी फळी लाटांत दिसेना. दहा मिनिटं घिरट्या घालून परत आलो.

दोष तोंडाच्या आकाराचा होता. बाजू खाली निमुळत्या असल्या की फळी जरा उचलताच सुटते. माझ्या होडीत प्रत्येक बाजू दर दहा सेंटीमीटरला दोन सेंटीमीटर आत झुकते, खोबण दीड सेंटीमीटर खोल. म्हणजे साडेसात सेंटीमीटर उचलली की खेळ खलास. समांतर बाजूंच्या खोबणीत फळी वरपर्यंत ओढावी लागते.

बिजागरीची दारं बंदरात सोयीची, वाद नाही. पण लाटेचा दणका शेवटी चार छोट्या स्क्रूंवर येतो. शिवाय फळ्यांत खालची लावून वरच्या काढता येतात, तसं उभ्या दारांत जमत नाही. उचलून काढायच्या बिजागऱ्या लावा: धक्क्याला दारं, समुद्रात फळ्या.

ॲक्रिलिकचं विचारलंत. उजेड छान येतो, पण स्क्रूची भोकं थोडी मोठी पाडा, नाहीतर उन्हात फुगून तडे जातात. पॉलिकार्बोनेट घेतलंत तर ॲसिटोनने पुसू नका.

तुमच्या खोबणीची खोली आणि बाजूंचा झुकाव मोजून कळवा. बाजू समांतर निघाल्या तर लेखात सांगितलेली मधल्या फळीची कडी मी स्वतःच काढून टाका म्हणेन. दोरी मात्र राहू द्या.