‘अहिंसा म्हणजे पळपुटेपणा, अन्नदान म्हणजे आमिष’: एका फिरत्या मजकुराला उत्तर

वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: युद्धाला नकार देणारे कॅथलिक भित्रे असतात. खुद्द त्यांचं चर्च युद्धाला मान्यता देतं. शांततेच्या गप्पांनी एकही युद्ध थांबलेलं नाही. आणि हे लोक गरिबांना जेवू घालतात ते धर्मांतरासाठी, परदेशी पैशावर, त्यातून माणसं आळशी होतात ते वेगळंच.

यातल्या एका दाव्यात अर्धं तथ्य आहे. ते आधी मान्य करू.

‘चर्च युद्धाला मान्यता देतं.’ सरसकट बंदी नाही, हे खरं. चर्चच्या अधिकृत धर्मशिकवणीत, परिच्छेद २३०९ मध्ये, शस्त्राने बचाव करण्यासाठी चार अटी आहेत: आक्रमणाने होणारी हानी गंभीर, टिकाऊ आणि निश्चित असावी, बाकीचे सगळे मार्ग निरुपयोगी ठरलेले असावेत, यशाची खरी शक्यता असावी, आणि शस्त्र उचलल्याने मूळच्यापेक्षा मोठा अनर्थ होऊ नये. चारही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. फिरणारा मजकूर मान्यतेपाशीच थांबतो. दोनच परिच्छेद पुढे, २३११ मध्ये, विवेकाला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांची सरकारने न्याय्य सोय करावी, आणि त्यांनी समाजाची दुसऱ्या मार्गाने सेवा करावी, असं सांगितलंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ साली सबंध शहरं बेचिराख करणाऱ्या युद्धकृत्याला देवाविरुद्धचा आणि माणसाविरुद्धचा गुन्हा म्हटलं. प्रामाणिकपणे सैन्यात सेवा करणाऱ्याचाही चर्च मान राखतं. त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण नकार देणाराही त्याच शिकवणीच्या आत उभा आहे.

‘ते भित्रे असतात.’ फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातला शेतकरी, गावच्या चर्चची देखभाल करणारा. १९४३ च्या फेब्रुवारीत त्याला हिटलरच्या सैन्यात बोलावलं. तो पळाला नाही. छावणीत हजर झाला आणि लढणार नाही म्हणून तोंडावर सांगितलं. वैद्यकीय पथकात काम करायची तयारी दाखवली, ती नाकारली गेली. घरी बायको आणि तीन लहान मुली. खुद्द बिशपांनीही ‘आधी कुटुंबाचा विचार कर’ असाच सल्ला दिला होता. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रँडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचं डोकं उडवलं. २००७ मध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. एक बारकावा सांगायला हवा: जगातल्या प्रत्येक युद्धाला त्याचा विरोध होता, असा दावा आम्ही करत नाही. हे युद्ध अन्यायाचं आहे, एवढं त्याला स्वच्छ दिसलं होतं.

सर्वच युद्धांना नकार देणारी होती डोरोथी डे. १ मे १९३३ रोजी तिने न्यूयॉर्कमध्ये पीटर मॉरीनसोबत ‘कॅथलिक वर्कर’ हे एक सेंट किमतीचं वृत्तपत्र काढलं, पहिल्या अंकाच्या प्रती २,५००. त्यातून बेघरांसाठी ‘आतिथ्याची घरं’ उभी राहिली. चालवणारे बहुतेक प्रापंचिक, धर्मगुरू नव्हेत. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर सारा देश युद्धाच्या बाजूने झाला, तेव्हाही तिच्या पत्राने भूमिका सोडली नाही. लाखाच्या वर गेलेला खप पन्नास हजारांच्या आसपास उतरला, कित्येक घरं बंद पडली. पुढे १९५५ पासून अणुहल्ल्याच्या सरावाचा भोंगा वाजला की लपणं कायद्याने सक्तीचं होतं. ही माणसं लपायला नकार देऊन उघड्यावर बसत, दरवर्षी अटक करवून घेत. १९५७ मध्ये डोरोथीला ३० दिवसांची शिक्षा झाली. बसणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि १९६१ नंतर ते सराव बंद पडले.

ज्या शहरात ‘चले जाव’ची हाक दिलेलं गवालिया टँक मैदान आहे, तिथे निःशस्त्र नकाराला भित्रेपणा म्हणणारा मजकूर पुढे पाठवला जावा, याचं खरंच वाईट वाटतं.

‘शांततेच्या गप्पांनी युद्ध थांबत नाही.’ आफ्रिकेतल्या मोझांबिकमधलं थांबलं. सोळा वर्षं चाललेल्या त्या यादवीत मध्यस्थी केली ती रोमच्या सान्त एजिदिओ या प्रापंचिकांच्या समुदायाने. १९६८ साली शाळकरी मुलांनी तो सुरू केला होता, झोपडवस्तीतल्या पोरांना शिकवण्यापासून. सरकार आणि बंडखोर रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या त्यांच्या जुन्या मठात २७ महिने येत राहिले. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करार झाला. त्यांच्याकडे ना सैन्य होतं ना निर्बंध लादायची ताकद. दोन्ही बाजूंना त्यांच्याकडून धोका वाटत नव्हता, म्हणूनच दोघं त्यांच्या दारात आले.

‘जेवण हे आमिष आहे.’ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचाच १९६५ मधला मिशनकार्यावरचा आदेश सक्तीने किंवा भुलवून कुणाला श्रद्धेत आणण्याची स्पष्ट मनाई करतो. चर्चच्या कायद्याचं ७४८ वं कलमही सक्ती निषिद्ध ठरवतं. ताटाच्या बदल्यात कुणी प्रार्थना मागत असेल, तर तो आधी आपल्याच चर्चचा नियम मोडतोय, आणि त्याला तिथेच अडवायला हवं.

‘परदेशी पैशावर चालतं.’ परदेशी देणगी कायद्याने दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यावी लागते आणि तिचा हिशोब दरवर्षी केंद्र सरकारला द्यावा लागतो. पण शंभर जणांच्या खिचडीला असा कितीसा पैसा लागतो? सात किलो तांदूळ, तीन किलो मूगडाळ, लिटरभर तेल, हळद, मीठ. चर्चमधल्या चार घरांत जमण्यासारखं आहे. खरी अडचण नंतर येते. मोठ्या टोपात मधली खिचडी तासन्‌तास कोमट राहते, आणि शिजवूनही न मरणारे भाताचे जंतू नेमके तिथे वाढतात. म्हणून ती एक तर वाफाळती वाढायची, नाही तर पसरट परातीत लगेच गार करून फ्रीजमध्ये ठेवायची. पहाटे शिजवून दुपारी वाटली की मुंबईच्या दमट हवेत पोटं बिघडलीच. इथे पैशापेक्षा वेळेवर येणारी माणसं लागतात.

‘माणसं आळशी होतात.’ हे लिहिणाऱ्याने ‘एसव्हीपी’चं, म्हणजे संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटीचं काम पाहिलेलं नाही. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत ती सुरू केली. मुंबईतल्या कितीतरी चर्चमध्ये तिची शाखा आहे. काम मदत वाटण्यापासून नव्हे, घरभेटीपासून सुरू होतं, आणि भेटीला नेहमी दोघं जातात. एक बोलतो, दुसरा बघतो: रेशनकार्ड कुठलं, औषधाच्या पट्टीत किती गोळ्या उरल्यात, विजेचं बिल किती महिने थकलंय. मग बैठकीत ठरतं की पैसे द्यायचे की हक्काची गोष्ट मिळवून द्यायची. ऑपरेशन असेल तर धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा योग्य रेशनकार्ड हातात लागतं. ते दाखल होण्याआधीच जमवलेलं बरं, कारण बिल झाल्यावर भांडणं फार कठीण जातं.

भांडी घासणाऱ्या बाईचं धान्य अडकतं ते बहुतेक वेळा आळसाने नव्हे. साबण-राखेने बोटांवरच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातलं मशीन अंगठा ओळखत नाही. कार्डावर माणशी पाच किलो नोंदलेले असतात, ती मात्र रिकामी पिशवी घेऊन परतते. अशा वेळी डोळ्याचं स्कॅन किंवा मोबाइलवरचा ओटीपी चालतो, पण आधारला जोडलेला नंबर बहुधा जुना, बंद पडलेला असतो. म्हणून तिला घेऊन आधी आधार केंद्रावर जायचं, नंबर बदलायचा, आणि पुढच्या खेपेला दुकान उघडताना तिच्या शेजारी रांगेत उभं राहायचं.